'क' अक्षराखालचे आजार: एका विषयसूचीच्या कामाच्या नोंदी

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या छोट्या सार्वजनिक वाचनालयात आरोग्यविषयक मराठी पुस्तके, पुस्तिका आणि आरोग्याला वाहिलेले जुने दिवाळी अंक मिळून सहाशे अठ्ठावीस नग आहेत. ते सगळे दाखल क्रमांकानुसार लावलेले असल्यामुळे अमुक आजारावर आपल्याकडे काय आहे, ही माहिती ग्रंथपालबाईंच्या डोक्याखेरीज कुठेही नोंदलेली नाही, आणि बाई पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत. म्हणून विषयवार सूची करायचे ठरले आणि चाचणीसाठी एकच अक्षर घेतले, 'क'. मी हायस्कुलात जीवशास्त्र शिकवत होतो. ग्रंथालयशास्त्र मला येत नाही. मदतीला बाई आहेत, निवृत्त परिचारिका असलेल्या एक सिस्टर आहेत आणि संगणकाचे काम पाहणारा बी.एस्सी.चा एक विद्यार्थी आहे. इतर वाचनालयांना हेच काम करायचे असेल तर उपयोगी पडावे म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत आणि त्यांतून चुका गाळलेल्या नाहीत.

१० जून २०२४

अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची 'मेश' नावाची विषयशीर्षकांची यादी १९६० पासून प्रसिद्ध होते आणि ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. एका गोष्टीला एकच अधिकृत शीर्षक द्यायचे आणि त्याच अर्थाचे बाकीचे शब्द त्या शीर्षकाकडे वळवायचे, अशी तिची रीत आहे. मला वाटले, चूल पेटलेली आहे, आपण फक्त भाकरी थापायची. 'क'शी जवळचे म्हणून इंग्रजीतले 'सी' अक्षर घेतले, सामान्य वाचकाला लागतील असे १४६ शब्द निवडले, त्यांच्या छापील प्रती काढल्या आणि आम्ही चौघांनी ते भाषांतरासाठी वाटून घेतले.

२१ जून

अकरा दिवसांनी १४६ शब्दांपैकी 'क'मध्ये उरले सत्तावीस. मोतीबिंदू 'म'मध्ये गेला, खोकला 'ख'मध्ये, बद्धकोष्ठता 'ब'मध्ये, सिझेरियन 'स'मध्ये. कांजिण्यांचे 'क'मध्ये येणे हा निव्वळ योगायोग. जे सत्तावीस उरले त्यांतले एकोणीस म्हणजे देवनागरीत लिहिलेले इंग्रजी शब्दच होते: कॅल्शियम, कोलेस्टेरॉल, केमोथेरपी, क्लोरोफॉर्म वगैरे. उलट 'क'मध्ये ज्याला पहिला मान मिळायला हवा तो कर्करोग या यादीतून आलाच नाही, कारण 'मेश'मध्ये 'कॅन्सर' हे अधिकृत शीर्षक नसून तो शब्द 'निओप्लाझम्स' या शीर्षकाकडे वळवलेला आहे. एका भाषेत एका अक्षराखाली नांदणारी माणसे दुसऱ्या भाषेत जाताच गावभर पांगतात, हे मला पहिल्या दिवशी दहा शब्द करून पाहिले असते तरी कळले असते. छापील प्रतींचे ३१० रुपये आणि अकरा दिवस पाण्यात गेले. 'मेश'ची रीत तेवढी ठेवली, शब्द सोडून दिले.

२४ जून

लक्ष्मीपुरीतून पाच बाय तीन इंची जाड कार्डे आणली: पाचशे नग, १ रुपया ७० पैशांप्रमाणे ८५० रुपये. दोन लाकडी खोकी सुताराकडून ४५० रुपयांत झाली. कार्डांना खाली भोक पाडून सळई घालावी की नाही यावर अर्धा तास वाद झाला. बाईंच्या म्हणण्यानुसार सळई नसली की वाचक कार्ड खिशात घालून नेतात, म्हणून सळई घातली.

२ जुलै

दुसरी चूक. एका परिचित डॉक्टरांकडून शीर्षकांची मराठी यादी करून घेतली. त्यांनी वेळ काढून, परिभाषा कोश पाहून, अगदी नेटकी यादी दिली: कर्णस्राव, कटिशूल, कर्णबधिरता, कृमिबाधा, कृष्णमंडल. आम्ही तिच्यावरून चाळीस कार्डे लिहिली आणि पेपर वाचायला येणाऱ्या पाच जणांना सांगितले, की यातून कानातून पू येण्यावरचे पुस्तक काढून दाखवा. पाचही जणांनी 'कान' या शब्दाशी जाऊन पुढचे 'कान फुटणे' शोधले. ते कार्ड नव्हतेच. 'कर्णस्राव' त्यांच्या बोटाखालून दोनदा गेले आणि एकालाही थांबावेसे वाटले नाही. यादीत दोष नव्हता, पण ती डॉक्टरांनी डॉक्टरांच्या भाषेत केलेली होती आणि आमच्या खोक्याशी येणारा माणूस डॉक्टर नसतो.

आजपासून बाईंच्या टेबलावर एक शंभरपानी वही ठेवली आहे. आरोग्यावरचे पुस्तक मागणाऱ्याने मागताना जो शब्द उच्चारला तोच, न सुधारता, बाईंनी तीत लिहायचा.

१३ जुलै

बारा दिवसांत वहीत १६३ शब्द आले, त्यांपैकी 'क'चे ४१. त्यांतले निम्मे तरी आमच्या कोणाच्याही यादीत नव्हते. कणकण. कसर, म्हणजे 'अंगात कसर आहे' यातली. कळा, म्हणजे बाळंतपणातल्या. करट. केसतूड. कानात दडे बसणे. 'कुत्रं चावलं'. काचबिंदू हा शब्द चार जणांनी वापरला, पण बाईंनी पुढे विचारल्यावर त्यातल्या दोघांना मोतीबिंदूवरचे पुस्तक हवे होते असे कळले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया केली की दिसू लागते, काचबिंदूने गेलेली नजर मात्र परत येत नाही, त्यामुळे या दोघांच्या बाबतीत 'हेही पहा' एवढ्यावर भागणार नाही असे ठरले. काचबिंदूच्या कार्डावर लाल शाईने एक ओळ लिहिली आहे: 'मोतीबिंदू वेगळा, त्यासाठी म खोके.'

कुरूप या शब्दावर विद्यार्थ्याने मोठी गंमत केली. पायाच्या तळव्याला किंवा बोटाला घट्ट, दुखरा घट्टा होतो ते कुरूप त्याला माहीतच नव्हते, म्हणून त्याने ते कार्ड सौंदर्य आणि त्वचेची निगा या गटात लावले होते. नव्या कोल्हापुरी चपला घालून महिनाभर हिंडल्यावर त्याला ते कळले असते, पण तो स्पोर्ट शूजवाला.

'कुत्रं चावलं' हे शीर्षक म्हणून लिहायला बाईंचा आधी नकार होता. शेवटी तडजोड म्हणून 'कुत्रा चावणे' असे केले आणि रेबीजकडे वळवण्याआधी त्याच कार्डावर एक वाक्य लिहिले, की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लस घ्यायला जा. सूचीचे कार्ड हे उपचार सांगण्याची जागा नव्हे, हे मलाही कळते. पण कुत्रे चावल्यावर जो वाचनालयात आला आहे त्याला पुस्तक शोधत बसवण्यात काही अर्थ नाही.

१५ जुलै

काळीज. हे एक कार्ड तीन दिवस अडले होते. मी ते सरळ 'हृदय'कडे वळवले होते. काळजाचा ठोका चुकतो, काळजाला घरे पडतात, काळजाचे पाणी होते, तेव्हा काळीज म्हणजे हृदयच, यात मला शंका नव्हती. सिस्टर म्हणाल्या, "सर, कोल्हापुरात हे कार्ड लावायच्या आधी एकदा मटणाच्या दुकानात जाऊन या."

काल आषाढातला रविवार, त्यामुळे दुकानापुढे रांग रस्त्यापर्यंत आलेली. माझा नंबर आल्यावर मी दुकानदाराला म्हटले, पावकिलो काळीज द्या. त्याने न विचारता हुकाला अडकवलेला गडद तांबडा, गुळगुळीत, चपटा तुकडा काढला आणि ठोकळ्यावर कापायला घेतला. ते यकृत होते. जीवशास्त्र शिकवण्यात वर्षे गेल्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. मी विचारले, मग हृदय कुठले? त्याने बाजूच्या थाळीतला मुठीएवढा गोळा दाखवला आणि त्याला त्याच्या धंद्यातले वेगळेच नाव सांगितले. मागच्या माणसाने "काका, घ्यायचं असलं तर घ्या," असे म्हटल्यामुळे चौकशी तिथेच थांबली.

जुन्या मराठी कोशांतही काळीज या शब्दाला यकृत आणि हृदय असे दोन्ही अर्थ दिलेले आढळतात. बोलण्यातले काळीज छातीत डावीकडे आणि ताटातले काळीज पोटात उजवीकडे. कार्ड आता असे आहे:

काळीज
१. भावना, धडधड, छातीतील दुखणे या अर्थी पहा: हृदय
२. मटणातील काळीज, लोहयुक्त आहार या अर्थी पहा: यकृत, रक्तक्षय

दुसरी ओळ अकारण नाही. वहीत काळीज हा शब्द ज्या बाईंच्या नावापुढे आहे त्यांना मुलीच्या अंगात रक्त कमी आहे म्हणून आहाराचे पुस्तक हवे होते.

२७ जुलै

या आठवड्यात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली. आमच्या पेठेत पाणी आले नाही, पण विद्यार्थी चिखलीचा. त्याच्या घरच्यांनी जनावरांसह गाव सोडले आणि कार्डांची संगणकातली एकमेव यादी त्याच्या लॅपटॉपवर, लॅपटॉप माळ्यावर आणि माळा पुराच्या पाण्यात वेढलेल्या घरात. लॅपटॉप वाचला. काम मात्र बंद पडले. दुसरी प्रत आमच्यापैकी कोणाकडेही नव्हती, ही चूक विद्यार्थ्याची नसून माझी आहे. आता दर शनिवारी यादीची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन बाईंच्या कपाटात ठेवतो.

दमट हवेने कार्डांवरची शाई फुटली. पस्तीस कार्डे पुन्हा लिहावी लागली. पावसाळ्यात शाईपेनाने कार्डे लिहू नयेत, बॉलपेन वापरावे.

५ ऑगस्ट

पूर ओसरला आणि वहीत कावीळ हा एकच शब्द आठवड्यात अकरा वेळा आला. त्यामुळे ज्या कार्डाकडे मी सर्वांत कमी लक्ष दिले होते ते सर्वांत आधी उघडे पडले. मी लिहिले होते, 'कावीळ: पहा हेपॅटायटिस', म्हणजे यकृताचा दाह. सिस्टरनी ते कार्ड सळईतून काढून माझ्यापुढे ठेवले आणि सांगितले, की कावीळ हा आजार नाही, ते लक्षण आहे. डोळे पिवळे होण्यामागे यकृताचा विषाणूसंसर्ग असेल, पित्तनलिकेत अडकलेला खडा असेल, तांबड्या पेशी वाजवीपेक्षा लवकर फुटत असतील किंवा बाळ नुकतेच जन्मलेले असेल. नव्या बाळाची आई या कार्डावरून हेपॅटायटिसच्या पुस्तकाकडे गेली तर ती विनाकारण घाबरेल. आणि जन्मानंतर पहिल्या चोवीस तासांतच बाळ पिवळे दिसू लागले असेल तर तिने पुस्तक शोधण्याऐवजी डॉक्टरकडे धावायला हवे.

कार्ड फाडले. कावीळ आता स्वतंत्र शीर्षक आहे आणि त्याखाली पोटशीर्षके आहेत: नवजात बाळाची, पित्तमार्गातील अडथळ्याची, रक्तपेशी फुटल्याने होणारी, विषाणूजन्य. विषाणूजन्यमध्ये पुन्हा दोन कप्पे करावे लागले, कारण ए आणि ई हे विषाणू दूषित पाण्यातून व अन्नातून येतात, तर बी आणि सी रक्तातून, सुईतून, आईकडून बाळाला असे जातात. पुरानंतर विचारणाऱ्यांना पहिला कप्पा हवा होता. वहीत 'पांढरी कावीळ' असेही तीनदा आले आहे. लोक हा शब्द हेपॅटायटिस बीला वापरतात, म्हणून त्याचे वेगळे कार्ड करून ते दुसऱ्या कप्प्याकडे वळवले.

इथे पुस्तकांच्या वयाचा प्रश्न निघाला. हेपॅटायटिस सीचा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. आमच्या कपाटातली यकृतावरची दोन पुस्तके त्याआधीची आहेत आणि त्यांत 'नॉन-ए, नॉन-बी', म्हणजे एही नव्हे आणि बीही नव्हे, एवढेच लिहिले आहे. ती पुस्तके रद्दीत घालावीत असे मला वाटले. बाईंना पटले नाही. शेवटी कार्डावर पुस्तकाच्या नावापुढे प्रकाशनवर्ष ठळक लिहायचे ठरले. हा निर्णय पहिल्याच दिवशी घ्यायला हवा होता, कारण आता आधीच्या सर्व कार्डांवर वर्षे चढवण्यात चार संध्याकाळी जाणार आहेत.

१२ ऑगस्ट

आज झाले ते लिहायला जड जाते. एका जुन्या पुस्तकात अंगावर पांढरे डाग पडण्याच्या विकाराला 'श्वेतकुष्ठ' म्हटले आहे. ते पाहून मी तीन कार्डे केली होती: 'कोड: पहा कुष्ठ', 'पांढरे डाग: पहा कुष्ठ' आणि 'श्वेतकुष्ठ: पहा कुष्ठ'. आज दुपारी एक गृहस्थ आले, खोके चाळून कोड या कार्डाशी थांबले आणि ते हातात धरून बाईंना एवढेच म्हणाले, "माझ्या मुलीचं लग्न ठरवतोय. हे इथं असं लिहून ठेवलंय होय?"

कोडात त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होतात. तो कोणाचा कोणाला लागत नाही आणि कुष्ठरोगाशी त्याचा काहीही संबंध नाही. कुष्ठरोग जंतूमुळे होतो. तो जंतू हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये पाहिला आणि १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या बहुविध औषधोपचाराने तो पूर्ण बरा होतो. हे सगळे मी वर्गात शिकवलेले आहे. तरीही पुस्तकात 'कुष्ठ' हे अक्षर दिसले आणि हाताने कार्ड लिहून टाकले. दोन शब्द एकाच अक्षराखाली शेजारी आले की ते नातेवाईक वाटू लागतात, एवढेच माझ्या बाजूने सांगता येईल, आणि ते समर्थन नव्हे.

मी त्या गृहस्थांची माफी मागितली आणि तिन्ही कार्डे त्यांच्यासमोर फाडली. नवी व्यवस्था अशी: कोड हे स्वतंत्र शीर्षक, 'पांढरे डाग' आणि 'श्वेतकुष्ठ' त्याकडे वळवलेले. कुष्ठरोग हे वेगळे शीर्षक, 'महारोग' त्याकडे वळवलेला, मात्र कुष्ठरोगाच्या कार्डावर 'महारोग' हा शब्द लिहायचा नाही. जुना शब्द घेऊन येणाऱ्याला वाट दाखवायची, पण तो शब्द घेऊन न येणाऱ्याच्या हातात तो द्यायचा नाही. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडले. आमच्या खोक्यात जुना शब्द टिकायला तेवढी वर्षे लागू नयेत.

१६ ऑगस्ट

काळपुळी. सिस्टरच्या मते मधुमेही माणसाच्या मानेवर किंवा पाठीवर अनेक तोंडांचे मोठे गळू होते ती काळपुळी. वैद्यकीय कोशांच्या मते गुराढोरांकडून आणि कातड्याकडून माणसाला लागणारा अँथ्रॅक्स ती काळपुळी. दोघेही बरोबर आहेत. एकाच शब्दाची दोन कार्डे केली, 'काळपुळी (गळू)' आणि 'काळपुळी (सांसर्गिक, जनावरांपासून)'. ग्रामीण भागातल्या वाचनालयांनी हे कार्ड विसरू नये.

जाता जाता विद्यार्थ्याने एक गोष्ट लक्षात आणून दिली. रॉबर्ट कॉख यांनी १८७६ मध्ये अँथ्रॅक्सच्या, १८८२ मध्ये क्षयाच्या आणि १८८३-८४ मध्ये इजिप्त व कलकत्ता येथे कॉलऱ्याच्या जंतूवर काम केले. म्हणजे काळपुळी, क्षय, कॉलरा आणि खुद्द कॉख, सगळे आमच्याच खोक्यात. इंग्रजीत हे चार जण चार अक्षरांत विखुरलेले आहेत. कॉलरा आम्ही पटकीकडे वळवणार होतो, पण वहीत पटकी एकदाही आले नाही, म्हणून उलटे केले. पटकी हा शब्द आता फक्त 'पटकी बसली मेल्याला' असे ओरडण्यापुरता उरला आहे, असे बाईंचे मत आहे.

२१ ऑगस्ट

लावणीचा क्रम. हे काम दोन तासांचे समजलो होतो, सहा दिवस लागले. संगणकाला यादी वर्णक्रमाने लावायला सांगितले तेव्हा त्याने 'कंठमाळ', 'कंड', 'कंपवात', 'कंबरदुखी' हे सगळ्यात वर नेले, कारण त्याच्या हिशेबात अनुस्वार इतर कोणत्याही अक्षराच्या आधी येतो. आमच्या पिढीने बाराखडी क, का, कि, की अशी म्हणत कं आणि कः शेवटी म्हटलेली आहे, त्यामुळे वयस्क वाचक कंबरदुखी शोधायला खोक्याच्या शेवटाकडे जातात. 'कॉलरा' आणि 'कॉर्निया' हे त्याने 'कै' आणि 'को' यांच्या मध्ये घातले. 'कॅन्सर' तीन ठिकाणी सापडला: एकदा अर्धचंद्राने लिहिलेला, एकदा चंद्रबिंदूने 'कँसर' असा, आणि एकदा 'कन्सर', जो माझा स्वतःचा टंकनदोष निघाला. चंद्रबिंदूवाला अनुस्वाराच्याही आधी, म्हणजे यादीच्या डोक्यावर जाऊन बसला होता.

सगळ्यात मोठा घोळ 'क्ष'चा. संगणकाला क्ष म्हणजे 'क'ला जोडलेला 'ष', त्यामुळे क्षय, क्षार, क्ष-किरण हे सगळे 'क'मध्ये, अगदी शेवटी, 'क्वाशिओरकोर'च्याही पुढे. शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला मात्र क्ष हे ह, ळ यांच्या नंतरचे स्वतंत्र अक्षर आहे. म्हणजे क्षयाचे कार्ड 'क'च्या खोक्यात असावे की नाही, इथूनच सुरुवात.

हा वाद चालू असताना कंठमाळेचे कार्ड हातात होते. मानेवर गाठींची माळ उठते ती कंठमाळ. बहुतेकदा ती लसिकाग्रंथींचा क्षय असते, म्हणून ते कार्ड आम्ही क्षयाकडे वळवले होते. संगणकाच्या क्रमात यादीतली पहिली नोंद कंठमाळ आणि शेवटच्यांपैकी एक क्षय. मधेच कुबड. मणक्याच्या क्षयाने कणा खचून कुबड येते, त्यामुळे तेही 'हेही पहा: क्षय' असे. एकच आजार खोक्याच्या दोन टोकांना आणि मधोमध बसला होता आणि बाकी दोनशे कार्डांची गर्दी त्यांच्यामध्ये. यावर सिस्टर म्हणाल्या, की वॉर्डातही असेच असायचे, एक क्षय छातीच्या विभागात, एक हाडांच्या आणि एक सर्जरीत.

ठरले ते असे. कं पहिल्यांदा, आणि खोक्याच्या शेवटी एक पिवळे कार्ड: 'कंबर, कंप, कंठ यांसाठी सुरुवात पहा.' क्षयाचे मूळ कार्ड 'क्ष'च्या वेगळ्या कप्प्यात. 'क'च्या खोक्यात 'क्षय: पहा क्ष' आणि वहीत सर्वांत जास्त वेळा आलेले 'टीबी' हे 'ट'मध्ये. संगणकाचा क्रम सोडून दिला आणि प्रत्येक नोंदीला हाताने क्रमांक दिला: १०, २०, ३०, असे दहाच्या अंतराने, म्हणजे मधे नवी नोंद घालायला जागा राहते. हा जुना कारकुनी उपाय आहे आणि तो चालतो.

२९ ऑगस्ट

कार्डांवरून वाटायची पुस्तिका करायला डीटीपीवाल्याकडे दिली. अठरा पाने, ३५ रुपये पान, ६३० रुपये. गणपती तोंडावर आलेले, त्यामुळे त्याच्याकडे मंडळांच्या पावत्यांची आणि पत्रिकांची रीघ. आमची यादी युनिकोडमध्ये होती आणि त्याचे काम जुन्या फाँटमध्ये चालते. त्याने यादी रूपांतरित केली, आम्ही मुद्रित न पाहता पैसे दिले. घरी आल्यावर पाहतो तर कर्करोगाचा रफार एक घर पुढे सरकून 'ककर्रोग' झालेला, ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षरावर चढलेल्या आणि 'कऱ्हा'सारख्या शब्दांतला अर्धा ऱ गायब. त्याच्याकडे परत गेलो तेव्हा तो म्हणाला, गणपती झाल्यावर बघू. चूक त्याची जितकी तितकीच मुद्रित न तपासणाऱ्या माझी. विद्यार्थ्याने पुस्तिका युनिकोड फाँटमध्ये स्वतः लावली. त्याला तीन रात्री लागल्या.

६ सप्टेंबर

पुस्तिका वाचून पाहताना शेवटची अडचण निघाली. 'कृत्रिम श्वसन' या नोंदीखाली विद्यार्थ्याने 'हेही पहा: सीपीआर' असे लिहिले होते. बाईंनी ते वाचून विचारले, "म्हणजे तिथं घेऊन जा, असं?" कोल्हापुरात सीपीआर म्हणजे दसरा चौकाजवळचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय; दुसरा अर्थ इथे कोणाच्या मनातही येत नाही. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याच्या क्रियेलाही सीपीआर म्हणतात, हे माहीत असलेल्यालाही या गावात ते अक्षर वाचून आधी दसरा चौकच आठवणार. नोंद आता 'छातीवर दाब देणे (मिनिटाला १०० ते १२० वेळा)' अशी आहे आणि 'सीपीआर' हा शब्द पूर्ण वगळला आहे. पुण्यातल्या वाचनालयाने तो खुशाल ठेवावा.

कुटुंबनियोजन की कुटुंबकल्याण, हा प्रश्न पाच मिनिटांत सुटला. सरकारने १९७७ मध्ये नाव बदलले, लोकांनी बदलले नाही; लोकांचे ठेवले.

१९ सप्टेंबर

विसर्जन परवा झाले. काल तीस प्रतींची झेरॉक्स काढली, ८१० रुपये. कार्डे एकूण २१२: शीर्षके ११८ आणि 'पहा' ९४. लिहून फाडलेली ७१, शिल्लक २१७. खर्च ३,०५० रुपये, त्यातले पहिल्या छापील प्रतींचे आणि डीटीपीचे मिळून ९४० पूर्णपणे वाया. काळ चौदा आठवडे. सुरुवातीचे अकरा दिवस, पुराचे नऊ आणि फाडलेल्या कार्डांचा वेळ धरला नाही तर तो नऊ आठवड्यांत बसला असता असा माझा अंदाज आहे. कपाटातल्या चौदा पुस्तिकांना एकही शीर्षक देता आलेले नाही, कारण त्या 'सर्व विकारांवर' आहेत.

'पहा' कार्डे शीर्षकांच्या जवळजवळ बरोबरीने झाली, याचे बाईंना वाईट वाटले. त्यांच्या मते सूची विस्कळीत दिसते. मला तसे वाटत नाही, पण त्यांच्या खोक्यात ढवळाढवळ करण्याचा अधिकार मला किती, हेही खरे.

पुढचे अक्षर 'ख' घ्यायचे ठरले आहे. खोकला, खरूज, खुबा, खडा एवढेच डोक्यात होते, आणि म्हटले लहान अक्षर आहे, दिवाळीपर्यंत होईल. आज सकाळी बाईंनी वही पुढे सरकवली. कालच्या तारखेखाली त्यांच्या अक्षरात 'खवडे' असा शब्द आहे, त्यापुढे कंसात 'नातवाच्या डोक्यात', आणि त्याखाली सिस्टरनी पेन्सिलीने विचारले आहे, की हे नायट्यात घालायचे की गळवात.